शेतात दोघं राबतात, मग सातबाऱ्यावर एकाचंच नाव का? किनवटच्या दोन कागदांची गोष्ट

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा आमच्या घरचा सातबारा स्वतः काढला. महाभूमीच्या वेबसाइटवर गेले, १५ रुपये भरले, डिजिटल सही असलेला उतारा मोबाइलवर आला. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर. भोगवटादाराच्या रकान्यात बाबांचं नाव आणि दोन काकांची नावं. आईचं नाव नाही. मोठ्या काकूचंही नाही.

आमचं शेत किनवट तालुक्यात आहे. कापूस, त्यात तुरीची तासं, खाली नाल्याच्या अंगाला थोडं सोयाबीन. सरकी टोबण्यापासून निंदणापर्यंत आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या वेचणीपर्यंत आई शेतात असते. बाबा औत, फवारणी, खत, बाजार बघतात. कामाचे तास मोजले तर कोण जास्त राबतं यावर आमच्या घरी भांडण होईल, त्यामुळे ते राहू द्या. मुद्दा एवढाच की कागद बघून कुणालाही वाटेल, या शेतात बाई कधी पाय ठेवत नसावी.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? महाराष्ट्रात सगळीकडे हेच आहे. बरोबर. पण किनवटमध्ये एक गंमत आहे. आमच्या गावापासून डोंगराकडे गेलं की काही घरांमध्ये जमिनीचा वेगळाच कागद सापडतो. त्यावर नवऱ्याचं नाव असतं आणि त्याच्यासोबत बायकोचंही. तेच पीक, तोच पाऊस, तीच तहसील कचेरी. मग एका कागदावर दोन नावं आणि दुसऱ्यावर एकच, असं का?

डोंगरावरचा कागद

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा पैनगंगेकाठचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, भाषावार फेररचनेत मराठवाड्यात आला. इथे गोंड, कोलाम, आंध, परधान असे आदिवासी समाज आहेत, बंजारा तांडे आहेत. तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे पेसा कायदा लागू आहे. सागाचं जंगल आहे आणि जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण सरकारदरबारी ‘वन’ म्हणून नोंदलेली जमीन आहे.

या जमिनीवर हक्क देणारा कायदा २००६ मध्ये आला, वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जमीन कुटुंब कसत होतं, तिच्यावर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. ती विकता येत नाही, पण वारशानं पुढे जाते. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा इतकंच येतं. खरी गोष्ट कलम ४(४) मध्ये आहे. त्यात लिहिलंय की हक्कधारक विवाहित असेल तर हक्काची नोंद नवरा आणि बायको दोघांच्या नावानं, संयुक्त व्हायला हवी. घर एकटी व्यक्ती चालवत असेल तर त्या एका व्यक्तीच्या नावानं.

हे वाक्य नीट बघा. ‘नवऱ्याची इच्छा असेल तर’ असं त्यात कुठेही नाही. बायकोनं अर्ज करायचा, संमती घ्यायची, तलाठ्याकडे चकरा मारायच्या, हेही नाही. पट्टा निघतानाच दोन नावं लिहूनच निघाला पाहिजे. दाव्याचा पडताळा करणारी वनहक्क समितीही गावातच बसते. तिच्या १० ते १५ सदस्यांमध्ये किमान एक तृतीयांश महिला हव्यात, आणि ग्रामसभेच्या कोरममध्येही किमान एक तृतीयांश महिला हजर असाव्या लागतात. कागदावरची उपस्थिती आणि खरी उपस्थिती यात फरक असतो, हे मान्य. तरी कायद्यानं गृहीत काय धरलंय ते महत्त्वाचं आहे. शेत कुटुंब करतं, म्हणून हक्क जोडप्याचा.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतोय? भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले होते. त्या मोर्चाच्या मुख्य मागण्यांमध्ये वनहक्क कायद्याची अंमलबजावणी होती, आणि चालणाऱ्यांमध्ये आदिवासी बायका मोठ्या संख्येनं होत्या. नवऱ्याला सोबत म्हणून त्या चालत नव्हत्या. ज्या कागदासाठी मोर्चा होता, त्यावर त्यांचंही नाव येणार होतं.

खालच्या रानाचा कागद

आता सातबाऱ्याकडे येऊ. इथेही बायकोचं नाव लावायची सोय आहे, आणि ती वनहक्क कायद्याच्या १४ वर्षं आधीपासून आहे. पण किती जणांना माहीत आहे? मला पत्रकारितेची पदवी घेऊनही माहीत नव्हती.

या सोयीचं नाव ‘लक्ष्मी मुक्ती’. तिची सुरुवात सरकारी कार्यालयात झाली नाही, शेतकरी आंदोलनात झाली.

शरद जोशी हे नाव नव्या पिढीला फक्त कांदा आंदोलनापुरतं माहीत असतं. भारतीय टपाल सेवेतून स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे नोकरीला गेलेला हा माणूस १९७६ मध्ये कुटुंबासह परत आला, पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून बघितली. तोटा का होतो याचा हिशेब मांडता मांडता शेतकरी संघटना उभी राहिली. रास्त भाव आणि कर्जमुक्ती या तिच्या मागण्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं आणि लाखांच्या संख्येनं शेतकरी बायका तिथे आल्या. मराठी ग्रामीण राजकारणात असं दृश्य आधी कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यामागचा युक्तिवाद मला फार धारदार वाटतो. शेतकरी सरकारला म्हणतो, माझ्या घामाचं मोल तू दिलं नाहीस, तू माझा देणेकरी आहेस. मग त्याच शेतकऱ्याच्या घरात जी बाई विनामोल राबते, तिचा देणेकरी कोण? सरकारकडून कर्जमुक्ती मागण्याआधी घरातलं हे देणं फेडा. शेतीचा एखादा तुकडा बायकोच्या नावावर करा. ज्या गावात किमान १०० कुटुंबं असं करतील, ते ‘लक्ष्मी मुक्ती गाव’.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं विटनेर हे यातलं गाजलेलं गाव. तिथे शंभराहून जास्त बायकांच्या नावावर जमीन झाली. पुढे संघटनेनं ‘सीताशेती’ मांडली. बायकोच्या वाट्याच्या तुकड्यात तिनं तिच्या पद्धतीनं, घरचं बी आणि घरचं खत वापरून प्रयोग करायचे, आणि निर्णयही तिचाच.

आणि मग १५ सप्टेंबर १९९२ रोजी महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येईल. त्यासाठी शुल्क नाही.

चळवळीनं मागितलेली गोष्ट सरकारी कागदावर उतरली की आपण त्याला विजय म्हणतो. पण इथे एक बारीक फरक राहून गेला. चळवळीत गावासमोर शब्द दिलेला असायचा, शेजारच्या शंभर घरांनी केलेलं असायचं, त्यामुळे मागे राहणाऱ्याला अवघड वाटायचं. परिपत्रकात ते काहीच नाही. नवऱ्याला वाटलं तर तो अर्ज करेल. त्यालाच वाटलं नाही, तर बायकोला अर्ज करायचा मार्ग या परिपत्रकात नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ही सोय आहे आणि तीस वर्षांहून जास्त काळ ती कुणाच्या तरी मनात येण्याची वाट बघतेय.

नाव नसलं तर नेमकं काय अडतं?

हा प्रश्न मला आईनंच विचारला. “नाव लागलं म्हणून काय कापूस वेचायचा थांबनार हाय का?” थांबणार नाही. पण बाकी बरंच अडतं.

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. तो आधार आणि जमिनीच्या नोंदी जोडून तयार होतो. नाव सातबाऱ्यावर असेल तर तुम्ही शेतकरी. नसेल तर सिस्टीमला तुम्ही दिसतच नाही. पीक कर्ज, पीक विमा, ठिबकचं अनुदान, ई-पीक पाहणी, सीसीआयला कापूस विकण्यासाठीची नोंदणी, सगळ्यांची सुरुवात त्याच नोंदीपासून होते. अतिवृष्टीत पीक गेलं तर मदत थेट बँक खात्यात येते, आणि ते खातं सातबाऱ्यावरच्या माणसाचं असतं. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यात शेतं पाण्याखाली गेली तेव्हा वाहून गेलेला चिखल आणि दगड बायकाही उपसत होत्या. नुकसानग्रस्त शेतकऱ्यांच्या यादीत त्यांची नावं शोधून बघा.

आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी ७७ टक्क्यांच्या आसपास शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत माझी आई आहे. तुमचीही असेल.

सगळ्यात वाईट अडचण येते नवरा गेल्यावर. हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. पण जमीन सासऱ्याच्याच नावावर असेल, भावाभावांत वाटणी झालेली नसेल, तर सातबाऱ्यावर नवऱ्याचंच नाव नसतं. मग तिनं वारस नोंद करायची तरी कशावर? महिला किसान अधिकार मंच म्हणजे ‘मकाम’ या मंचानं २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली होती. त्यातल्या सुमारे ४० टक्के बायकांना तोवर शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. कर्ज मात्र घरापर्यंत आलेलं होतं. या पाहणीनंतर जून २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशा कुटुंबांतल्या महिलांना वारस नोंदीपासून इतर योजनांपर्यंत मदत करण्याचे आदेश दिले. संघटित पाठपुरावा केला तर सरकार हलतं, याचं हे उदाहरण आहे. फक्त तोवर त्या बायकांच्या आयुष्यातली काही वर्षं गेलेली असतात.

सगळ्याच योजना आंधळ्या आहेत असंही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत खातेदार शेतकऱ्यासोबत कुटुंबातल्या खातेदार नसलेल्या एका सदस्यालाही धरलंय. शेतात साप चावून बायको दगावली तरी कुटुंबाला २ लाखांची मदत मागता येते. म्हणजे शेती कुटुंब करतं हे सरकारला माहीत आहे. पण ते त्याला अपघाताच्या वेळी आठवतं.

नवरे नाव का लावत नाहीत?

सोशल मीडियावर याचं एका शब्दाचं उत्तर तयार असतं, मानसिकता. मी पण आधी तेच लिहिणार होते. पण घरी आणि गावात विचारल्यावर जी उत्तरं मिळाली ती जास्त हिशेबी होती.

पहिली भीती सहीची. बायको सहहिस्सेदार झाली की जमीन विकताना, गहाण ठेवताना तिची सही लागते. रात्रीतून सौदा करता येत नाही. पुरुषांना ही अडचण वाटते. सावकाराच्या दारात गेलेल्या जमिनींचा इतिहास बघितला तर मला हीच या नोंदीची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

दुसरी अडचण सामायिक जमिनीची. आमच्यासारखी तीन भावांची जमीन एकत्र असेल तर आधी वाटणी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी करता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णयही मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतला. पैशाचा प्रश्न सुटला तरी तीन भावांना एका दिवशी एका टेबलासमोर बसवायचा प्रश्न कुठल्या मंत्रिमंडळाकडे नेणार?

तिसरं कारण नवीन आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ते म्हणजे योजनांच्या पैशांचं गणित.

समजा जमीन एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे. त्याला पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० असे १२,००० मिळतात. बायको लाडकी बहीण योजनेत बसत असेल तर तिला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. घरात आले ३०,०००.

आता समजा तीच जमीन पहिल्यापासून बायकोच्या नावावर आहे. शेतकरी म्हणून १२,००० तिला मिळतात. म्हणजे महिन्याला १,००० झाले. मग लाडकी बहीणमधून तिला उरलेला फरक तेवढा मिळतो, ५०० रुपये. वर्षाचे ६,०००. घरात आले १८,०००. एप्रिल २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीच सांगितलं होतं की राज्यातल्या ७ लाख ७४ हजार १४८ महिलांना या कारणानं ५०० रुपये मिळतात.

म्हणजे बाई शेतकरी असेल तर घराला वर्षाला १२,००० कमी. हा नियम कुणी बायकांना जमिनीपासून लांब ठेवायला केलेला नाही. एकाच व्यक्तीला दोन योजनांचा पूर्ण लाभ नको, एवढाच त्याचा हेतू. पण गावात त्याचा निरोप कसा पोचला? “बायकोचं नाव लावलं की लाडकी बहीण बंद होते.” हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकलं.

हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि इथे जरा थांबून समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर याचे खूप चुकीचे मेसेज फिरतात. नुसती जमीन नावावर आहे म्हणून लाडकी बहीण बंद होत नाही. जून २०२४ च्या मूळ निर्णयात पाच एकरांची अट होती, ती काही दिवसांतच काढून टाकली. कपात होते ती बाईला स्वतःला नमो शेतकरी आणि पीएम किसानचे पैसे मिळत असतील तर. पीएम किसान कुटुंबात एकालाच मिळतं, आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाशिवाय इतर मार्गानं नावावर आलेल्या जमिनीला सहसा नवा लाभ मिळत नाही. त्यामुळे नवरा लाभार्थी राहिला आणि बायकोचं नाव फक्त सहहिस्सेदार म्हणून लागलं, तर कपातीचं कारणच येत नाही. नवऱ्यानं सगळी जमीन बायकोच्या नावावर करून टाकली तर मात्र त्याचे १२,००० जातील, कारण तो जमीनधारकच राहणार नाही.

बाबांना मी हे गणित वहीवर मांडून दाखवलं. दोनदा तपासलं त्यांनी.

गोंड बाईचं नाव, बंजारा बाईचं नाव

किनवटमध्ये हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण एकाच शिवारात वेगवेगळे कायदे लागू होतात.

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही, तिथे रूढी चालते. त्यामुळे २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क देणारी दुरुस्ती झाली, महाराष्ट्रानं तर ती १९९४ मध्येच केली होती, तरी गोंड किंवा कोलाम मुलीला तिचा आधार घेता येत नव्हता. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. स्त्रियांना वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून हक्क नाकारणं समानतेच्या विरोधात आहे, असं न्यायालयानं म्हटलं. खटला सुरगुजा भागातला असला तरी किनवट–माहूरच्या गोंड घरांनाही त्याचा आधार घेता येईल.

बंजारा कुटुंबांचं वेगळं. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात, म्हणून त्यांना हिंदू वारसा कायदा लागू होतो. पण वनहक्काचा दावा करायचा तर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. सीमेपलीकडे तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातींमध्ये आहे, तिथे ही अट नाही. सीमेच्या अलीकडच्या तांड्यावरची बाई आणि पलीकडची बाई एकाच भाषेत बोलतात, सारखाच कापूस वेचतात, आणि कागदासाठी दोन वेगवेगळे पुरावे शोधतात.

मग पट्ट्यावर नाव असलेल्या बायकांचं सगळं ठीक आहे का?

नाही. हे लिहिलं नाही तर ही गोष्ट फारच गोड होईल.

पट्ट्यावर नाव असलं तरी जमीन विकता येत नाही, हस्तांतर करता येत नाही, त्यामुळे बँका कर्ज द्यायला कचरतात. खतं आणि बियाणं उधारीवर घ्यायला दुकानात पुरुषच जातो. कुटुंबाला एकच लाभ अशी योजना असली की दोन नावांपैकी पहिलं नाव निवडलं जातं, आणि पहिलं नाव कुणाचं असतं हे सांगायला नको. सातबाऱ्यावरच्या नोंदीचीही मर्यादा आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि नाव नसलं म्हणून ती जात नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. बायकोला पक्की मालकी द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागतं. शेतजमीन पती किंवा पत्नीला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा.

तरी माझं मत असं झालंय की दोन कागदांतला फरक माणसांच्या मनात कमी आणि नियमाच्या वाक्यात जास्त आहे. डोंगरावरचे नवरे खालच्या रानातल्या नवऱ्यांपेक्षा जास्त पुरोगामी आहेत, असं कुणी म्हणणार नाही. तिथे कायद्यानं दोन नावं हीच सुरुवात ठरवली, आणि नाव काढायचं असेल तर कारण द्यावं लागेल. इथे एक नाव ही सुरुवात आहे आणि दुसरं लावायला कारण द्यावं लागतं. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं २०११ चं खासगी विधेयक मांडलं होतं, तेही या दिशेनं जाणारं होतं. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या बाईला ग्रामसभेच्या मान्यतेनं ग्रामपंचायतीनं ‘शेतकरी’ असल्याचं प्रमाणपत्र द्यावं, अशी त्यात तरतूद होती. २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं. आता संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. यंदा भाषणं भरपूर होतील. १९९२ च्या परिपत्रकातला ‘स्वेच्छेनं’ हा भाग बदलून, नव्या फेरफाराच्या वेळी दोन्ही नावं आपोआप विचारली जातील एवढं जरी केलं, तरी त्या भाषणांचा काही उपयोग झाला असं मी म्हणेन.

घरातली वाटाघाट

सरकारची वाट न बघता काही बायकांनी दुसरा रस्ता काढलाय, आणि तो मराठवाड्यातलाच आहे. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उस्मानाबाद (आता धाराशिव), लातूर, नांदेड या पट्ट्यात ‘एक एकर’ शेतीचं काम करते. २०१७ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कल्पना साधी आहे. बाईनं नवऱ्याकडे, सासऱ्याकडे अर्धा किंवा एक एकर मागायचा. त्यात सोयाबीन–कापूस नाही, तर ज्वारी, डाळी, भाजीपाला, घरी खायला लागणारं पीक घ्यायचं. काय पेरायचं, काय विकायचं ते ती ठरवणार.

सुरुवातीला नाव लावायचा आग्रह नसतो, मागणं फक्त निर्णयाचं असतं. दुष्काळात मुख्य पीक गेलं आणि या तुकड्यातून घरात दाणे आले, तर पुढची बोलणी तिला सोपी जातात. शरद जोशींची सीताशेती आणि हे एक एकर यात बऱ्याच वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे पहिलं निवेदन कलेक्टरला नाही, घरातल्या माणसाला दिलेलं आहे.

तुम्हाला करायचं असेल तर

जमीन नवऱ्याच्या स्वतंत्र नावावर असेल तर त्याचा अर्ज, दोघांची ओळखपत्रं, नात्याचा पुरावा, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे जायचं. अर्जात लक्ष्मी मुक्तीचा आणि १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाचा उल्लेख नक्की करा, कारण काही ठिकाणी ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळतं. मला एका ठिकाणी मिळालं. अर्जाची पोच घ्या. तलाठी फेरफार घेतो, हरकतीसाठी नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नाव लागल्यावर तिचा स्वतंत्र फार्मर आयडी काढता येतो. सामायिक जमीन असेल तर आधी वाटणी. वनहक्काचा पट्टा असेल तर त्यावर दोन्ही नावं आहेत का ते आजच बघा, नसतील तर दुरुस्ती मागणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

आमच्याकडे अर्ज लिहून तयार आहे. मोठे काका वाटणीला तयार आहेत, धाकटे काका पुण्यात असतात, ते दिवाळीला येतो म्हणालेत. बाबांनी गणिताची वही घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवली. आईनं ती काढून परत वाचली आणि विचारलं, “मोठ्या वयनीचं नाव बी एकाच टायमाला लागंल का?”